मामंजींच्या बिल्ल्यावरचं बिगुल

बस, जरा निवांत टेक. फोनवर "आजी, त्या बिल्ल्याचं काय झालं गं?" विचारायचं आणि मी तोंड उघडलं की "नंतर बोलते" म्हणून ठेवून द्यायचं, ही कुठली रीत? म्हणून लिहूनच काढलंय. आता बसून वाच.

तुझे पणजोबा, म्हणजे माझे मामंजी, ब्रिटिशांच्या पलटणीत होते. त्यांच्या टोपीचा पितळी बिल्ला आपल्या देवघरात असायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यावरचं सगळं बोटाला लागायचं. वर राजाचा मुकुट, खाली दोरीला टांगलेलं बिगुल, दोन्ही बाजूंनी पानांची वेल. मामंजी सांगायचे, बिगुल ही चपळ पायदळाची खूण. स्वातंत्र्य आलं तसा पलटणीनं मुकुट उतरवला आणि तिथं सिंह बसवले. जुना बिल्ला तेवढा त्यांनी जपून ठेवला.

दर खंडेनवमीला विळी-कोयत्याबरोबर त्याचीही पूजा. आणि पूजेआधी घासणं माझ्याकडं. चिंच लावायची, राख लावायची, तोंड दिसेपर्यंत घासायचं. पन्नास वर्षं घासला. सासूबाई म्हणायच्या, "सूनबाईच्या हाताला पितळ घाबरतंय." मला केवढं कौतुक वाटायचं!

यंदा आपल्या गावात, होटगीच्या पलीकडं, लढाईवर गेलेल्यांच्या नावांचा दगड बसवायचं ठरलं. नावापुढं पलटणही कोरायची. मामंजींचे कागद केव्हाच वाळवीनं खाल्लेले. यादी करणारे गावातले म्हातारे सुभेदार, त्यांना बिल्ल्याचा फोटो पाठवला, तर लगेच फोन.

"वहिनी, हा बिल्ला हाय का चोखून संपवलेली गोळी?"

खोटं नव्हतं ते! मुकुटाचा नुसता उंचवटा उरलेला, बिगुलाचा तर पत्ताच नाही.

"आपल्याकडची माणसं दोन पलटणींत जायची," ते म्हणाले. "दोन्हीकडं मुकुट, दोन्हीकडं बिगुल. एका बिगुलाचं तोंड डावीकडं, दुसऱ्याचं उजवीकडं. तेवढं सांगा, बास."

तेवढंच! तुझे आजोबा म्हणाले, डावीकडं. मी म्हटलं, उजवीकडं, आणि माझ्याकडं पुरावा होता की. नवरात्रात घटावर टांगायच्या कडाकण्या करताना सासूबाई देवीच्या वेणी-फणीबरोबर एक कडाकणी बिल्ल्याची करायच्या. लाटलेल्या पिठावर बिल्ला दाबायचा, चित्र उठायचं, मग तळायचं. बिल्ला गुळगुळीत झाल्यावर मी तेच चित्र काडीनं काढत आले. बिगुलाचं तोंड कायम उजवीकडं.

"माझ्या बापाचा बिल्ला मला म्हाईत न्हाय व्हय?" हे ओरडले.

"तुमी कधी घासलाय का?"

असं म्हणून मीच सुभेदारांना फोन लावला. सुभेदारांनी उजवीकडची पलटण लिहून घेतली.

मग करमाळ्याहून माझी नणंद आली, आजोबांची थोरली बहीण. तिला आता नीट दिसत नाही. दगडावर वडिलांचं नाव बोटानं चाचपायचं, एवढ्यासाठीच आलेली. मी मोठ्या फुशारकीनं तिला सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

"अगं येडे, पिठावर दाबल्यावर चित्र उलटं उमटतंय की! घासताना नुसती चकाकी बघितलीस आन् ध्यानात ठेवलास तो ठसा. माझ्या बाच्या नावाम्होरं दुसरी पलटण नगं गं बाई."

पाथरवट त्याच दिवशी मामंजींची ओळ कोरणार होता आणि सुभेदारांचा फोन लागेना. जुळे सोलापुरातल्या आपल्या घरून गावाला रिक्षा केली, तिघं कोंबून बसलो. वाटभर ह्यांचं एकच, "मी सांगत हुतो." वाटलं, ह्यांना इथंच उतरवावं आणि पुढं जावं.

पोहोचलो तर नाव कोरून झालेलं, पलटण अजून नुसती खडूनं लिहिलेली. नणंदेनं कुणाला काही विचारलं नाही. पदराचं टोक ओलं केलं आणि माझ्या हातात दिलं.

"कुटं हाय ती ओळ? घास आता! लई हौस हाय न्हवं तुला."

घासली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घासण्यानं काहीतरी सुधारलं.

आता बरोबर, डावीकडच्या बिगुलाची पलटण कोरलीय. नणंदेनं बोट फिरवून फिरवून तीनदा वाचली, मग कुठं चहा घेतला. बिल्ला मात्र आजोबांनी कपाटात कुलूप लावून ठेवलाय, माझ्या हाताला लागू नये म्हणून! खंडेनवमीला नुसतं फडक्यानं पुसायचा, असा हुकूम आहे. तर घट बसायच्या आत ये बाई. बिल्ल्याची कडाकणी यंदा तू कर, आणि ती किल्ली त्यांच्याकडून तूच काढून घे. मला काही ते देत नाहीत. लवकर ये.