वालाच्या सालींची सिद्धता

मी आणि बायको ओटीवर बिरडं सोलत बसलो होतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात. ती चिमटीत धरायची आणि दाणा अख्खा निसटायचा. माझा तुटायचा.

समोर आमची मुलगी, पुण्याहून आलेली. तिचा साखरपुडा दोन दिवसांवर. बायकोच्या माहेरची चार माणसं धरमतरकडनं रोह्याला आणायची, आणि मी एकच गाडी सांगितलेली. धाटावच्या कंपनीत ट्रक भरण्यात जन्म गेला माझा. कशात काय मावतं हे मला कोणी शिकवू नये.

"एका गाडीत नाय बसत ती," बायको म्हणाली.

"चार माणसं, चार जागा. नाय बसत म्हणजे काय गो?"

तिनं परातीच्या कडेला वाल मांडले. एक पुढं, तीन मागं.

"मावशीला खिडकी लागते, नायतर ओकते. पुढं बसवली तर समोरचा ट्रक बघून किंचाळते. म्हणजे ती मागं, खिडकीला. माझ्या बहिणी एकमेकींना खेटून बसायच्या नायत."

"थोरलीला पुढं घाल."

"मग धाकटी रुसून उतरते." एक साल बाजूला ठेवली. "हे परत इचारायचं नाय."

"धाकटीला पुढं."

"मग थोरली चढतच नाय." दुसरी साल. "राहिला भाऊ. तो पुढं गेला की मागं तिघी. मावशी खिडकीला, म्हणजे ह्या दोघी खेटूनच. संपलं. दुसरी गाडी सांगा."

"शोधलं तर सापडेल कायतरी!"

मुलगी हसायला लागली. ती कॉलेजात तर्कशास्त्र आणि संगणक असलं काहीतरी करते. इतकी वर्षं मी लोकांना "कॉम्प्युटरमध्ये हाय" एवढंच सांगायचो.

"बाबा, आमचं यंत्र हेच करतं. सगळ्या अटींत बसणारी मांडणी शोधतं. वाट अडली, की का अडली त्याचा नियम करून ठेवतं, परत तिथं जात नाय. सगळ्या वाटा अडल्या, की तेच नियम ओळीनं लावायचे. मांडणी नाहीच, याची सिद्धता तयार. शोधणं आणि सिद्ध करणं वेगळं नसतंच. आईच्या त्या साली म्हणजे सिद्धता."

"मग सालींचं बिरडं कर," मी म्हटलं. दुसरी गाडी काय सांगितली नाय.

दुपारी बायको फोडणीला उठली, ओट्यापाशी खाली बसली ती बसलीच. डॉक्टर आला तेव्हा त्याला करण्यासारखं काय नव्हतं.

माहेरी निरोप गेला, आणि संध्याकाळी दारात एक गाडी थांबली. एकच. त्यातनं चौघं उतरली. मावशी पुढच्या सीटवरनं. दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून.

मी विचारलं, "मावशी, पुढं बसलात?"

"आवं, ही काय येळ हाय इचारायची!"

मुलगी कानाशी म्हणाली, "आईचं चुकलं नव्हतं, बाबा. अटीच सुटल्या."

म्हणजे मी जिंकलो. ते जिला सांगायचं, तेवढी ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं परत निघाली. मी स्टँडवर जाऊन दुसरी गाडी घेऊन आलो. मेव्हणा म्हणाला, "दाजी, एकीतच आलो की काल."

"नाय बसत," मी म्हटलं, आणि मावशीला मागं, खिडकीला बसवलं.