चोथ्याची पापडी

मारोतराव रोज एकोडीहून सायकलनं यायचे आणि साकोलीजवळच्या एका हायवे-हॉटेलाचं लॉन राखायचे. बासष्टी उलटली होती. एकदा खाली बसले की उठताना जीव नकोसा व्हायचा, म्हणून ते उठायचेच नाहीत. बसल्या बसल्या सरकत निंदण करायचे.

हॉटेलात कॉफीचं मशीन आलं, तशी काउंटरवरची रीता रोज बादलीभर काळा चोथा मागच्या दारी ठेवू लागली. मॅनेजर धर्मेंद्रनं मोबाईलवर वाचलं होतं. "लॉनले चांगलं खत आहे हे, मारोतराव. थोडं थोडं भुरभुरवत जा."

थोडं थोडं म्हणजे रोज रोज वाकणं. मारोतरावांनी महिनाभर चोथा गोण्यांवर वाळवला आणि एका सकाळी फाटकाजवळच्या पट्ट्यावर दोन बोटं जाड थर देऊन मोकळे झाले. उन्हाळ्यात गावच्या बोडीतला, म्हणजे लहान तळ्यातला, गाळ उपसून धानाच्या बांधीत असाच तर पसरवत आले होते जन्मभर. जितका जाड, तितकं धान भरतं.

इथं मात्र थराची पापडी झाली. पाईपचं पाणी वरूनच घसरून नालीत जायचं आणि खालचं गवत पिवळं पडत गेलं.

परवा मालक येणार होते. धर्मेंद्रनं रीताला फाटकाजवळ बोलावलं.

"चोथ्यात दूध-साखर काय काय ओतत होतीस?"

"काहीच नाई, सर. मशीनमधून निघते तसंच ठेवते मी."

"मग गवत काहून जळलं? उद्यापासून काउंटरवर दुसरी येईल. तू नको येऊस."

रीता ओढणीचं टोक पिळत राहिली. मारोतराव चार हातांवर खुरपं घेऊन बसले होते. मान वर केली नसती, तर गोष्ट तिथंच मिटत होती.

"तिले कायले बोलता, सायेब? थर म्या देल्ला."

"मी थोडं थोडं म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं. कंबर धरली होती. एका बारीत उरकवलं."

"आता मालकाले काय सांगू?"

"सांगा, म्हातारा थकला."

धर्मेंद्रनं रीताला मानेनंच काउंटरकडं जायला खुणावलं. "परवापर्यंत हे सारं खरवडून निघालं पाहिजे," एवढं म्हणून आत गेला. रीताही काउंटरवर परतली.

मारोतराव पापडी उकरत राहिले. खुरपं जोरात लावलं तर गवताचं मूळच वर येई, म्हणून नखांनी. दुपारी रीता कप घेऊन आली.

"मामा, कॉफी घ्या."

"कडू लागते मले ते."

"चूप राहिले असते तर तुमचं काय जात होतं?"

"चूप राहाले बी जोर लागते, बाई. तेवढा नाई उरला."

ती हसली. मग पलीकडं बघत म्हणाली, "आजची बादली कुठं ठेवू?"

"मांगच्या शेणखताच्या खड्ड्यात टाक. कुजू दे पह्यले." त्यांनी मातीचा हात धोतराला पुसला आणि तिच्याकडं वर केला. "आन् आता आलीच हायेस तं हात दे. उठाचं हाये."