मिस्त्रींचं नाक

आमच्या मिस्त्रींइतकं खरं बोलणारा माणूस सोलापुरात दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतकं तिखट नाक तर कुणालाच नसेल. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांचं दुखणं ते धुराच्या वासावरून सांगतात. त्या नाकापायी त्यांनी तपकीर सोडली, दुपारपर्यंत कांदा वर्ज्य केला, आणि शेंगाचटणीचा डबा ते गॅरेज बंद केल्यावरच उघडतात. अत्तर लावून आलेल्या एका नवरदेवाला त्यांनी गाडी तपासून होईस्तोवर रस्त्यापलीकडे उन्हात उभं केलं होतं. खरं बोलण्याचीही तीच तऱ्हा. एका वकिलांना त्यांच्या अशिलांदेखत म्हणाले, "गाडी बरी हाय, तुमचं चालवणं वाईट हाय."

आमची चाळीस वर्षांची गाडी काळा धूर ओकू लागली, तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. माझे वडील, आप्पा, यांनी उभा जन्म ट्रकवर काढलेला. डोळे अधू झाल्यावर रविवारी माझ्या शेजारी बसून होटगी स्टेशनपर्यंत जायचं आणि चहा पिऊन परतायचं, एवढीच त्यांची चैन उरली होती. पण हल्ली पेट्रोलच्या वासानं वाटेतच त्यांना खोकल्याची उबळ यायची. दोन गॅरेजवाल्यांनी हात टेकले होते. शनिवारी भंगारवाला गाडी न्यायला येणार होता. आप्पांचं जेवण कमी झालं होतं.

मिस्त्रींनी प्लग काढून नखानं खरवडला. "काजळी सुकी हाय. पेट्रोल जादा जातंय, हवा कमी." पण गाडी सुरू केली, तर धूर अगदी स्वच्छ! मिस्त्री चक्रावले. बराच वेळ सायलेन्सरपाशी उकिडवे बसून शेवटी म्हणाले, "उद्या आप्पास्नी घिऊन या. रविवारी निघता तसंच निघायचं. कायबी बदलायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी आप्पा शेजारी बसले. चष्मा, गोळ्या आणि पाण्याची बाटली असलेली कापडी पिशवी त्यांनी सवयीनं डॅशबोर्डखाली अडकवली. मिस्त्री मागे डोळे मिटून बसले. थोडं अंतर गेल्यावर आरशात त्यांच्या नाकपुड्या हलताना दिसल्या. मी गाडी थांबवली. त्यांनी पुढे वाकून पिशवी हळूच उचलली, आणि मला दिसलं : पिशवी चोकच्या बटणाला लटकत होती! वजनानं बटण बाहेर ओढलं जाई आणि इंजिनाची हवा अडे. पिशवी काढली की बटण आपोआप आत. गॅरेजमध्ये गाडी जाई ती पिशवीशिवाय, मग दोष सापडणार कसा? इतके महिने शेजारी बसून माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं. मी तोंड उघडणार, तोच खांद्यावर मिस्त्रींचा हात पडला.

"सापडलं का?" आप्पांनी विचारलं. आपल्याच पिशवीनं गाडी भंगारात निघाली होती हे कळलं असतं, तर तो जुना ड्रायव्हर पुन्हा गाडीत बसला नसता.

"सापडलं की! कार्बोरेटरमधी कचरा अडकला हुता," मिस्त्री म्हणाले. खोटं बोलताना त्यांचे कान लालबुंद झाले होते. गॅरेजमध्ये परतल्यावर त्यांनी डॅशबोर्डाच्या कडेला एक पितळी खुंटी बसवली. "आप्पा, पिशवी हितं अडकवत जावा. हाताला पटकन घावतीया."

भंगारवाला रिकामा परत गेला. आप्पांना पुढे तीन वर्षांचे रविवार मिळाले, आणि त्यासाठी मी मिस्त्रींचा जन्माचा ऋणी आहे. आता आप्पा नाहीत. पिशवी मात्र अजून त्या खुंटीलाच आहे, आत त्यांचा चष्मा. अजूनही गाडी दाखवायला नेली की मिस्त्री आधी धूर हुंगतात. मग आत वाकून खुंटी हलवून बघतात, आणि ती घट्ट असली तरी तिच्या स्क्रूला उगाच एक पीळ देतात.