मंजूचं पाऊण मिनिट

ही गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी शाळेतलं सगळं सांगतो, अगदी स्टाफरूममधल्या चहावरच्या भांडणांसकट.

मी तळेगावात विज्ञान शिकवतो. उत्क्रांती हा माझा लाडका धडा. कुणी नाक मुरडलं की मला चेव येतो. म्हणून मीच वादविवाद ठेवला — 'उत्क्रांती मानली की देवाची गरज उरते का?' नियम माझे. प्रत्येकाला चार मिनिटं. तीन झाली की एक घंटा, चार झाली की दोन. घड्याळ माझ्याच हातात. दोन्ही बाजूंना सारखा वेळ, हीच विज्ञानाची रीत, असं मी सुरुवातीला ऐटीत सांगितलंही होतं.

शेवटी मंजू उठली. नववीतली, टाकव्याहून एसटीनं येणारी. चिठ्ठीत तिला देवाची बाजू आली होती. ही आता गावच्या जत्रेचं काहीतरी सांगणार, असं मला वाटलं — का वाटलं असेल?

तीन मिनिटांची घंटा झाली. तिचं पाठांतर संपलं. मग ती थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, उत्क्रांती मला पटतीय. पण आपलं डोकं बी नुसतं जगन्यासाठीच घडलं असंल, तर त्याला खरं कळतं ह्याचा भरवसा काय? मग उत्क्रांती खरी, हे तरी कशावरनं? मला वाटतं —"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी घड्याळाकडे पाहिलं. पाऊण मिनिट शिल्लक होतं — आणि मी घंटा वाजवली. दोनदा.

ती खाली बसली.

उत्क्रांती मी आजही मानतो. ज्याला वाघ आणि सावली यांतला फरक कळला नसता तो टिकला नसता, असं एक उत्तर मला नंतर सुचलं. पण वाघ ओळखणं आणि सिद्धान्त ओळखणं एकच का? बेडशाच्या लेण्यांच्या पायऱ्या चढताना मी अजून यावर स्वतःशीच भांडतो, आणि खरं सांगू? मजा येते. पण 'मला वाटतं'च्या पुढे ती काय म्हणणार होती, ते मला माहीत नाही.

स्पर्धा संपल्यावर ती जवळ आली. "सर, माजंच चुकलं. लय लांबलं."

तेव्हा तरी सांगता आलं असतं, नाही का?

मी म्हणालो, "पुढच्या वेळी घड्याळ बघून बोल."

तिनं मान हलवली. दहावी होईपर्यंत ती माझ्या वर्गात होती. तिनं पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही.