चार बोटं कमी

कपड्यांच्या कारखान्यात कापडाच्या थप्प्या कापणाऱ्याला कटिंग मास्तर म्हणतात. या मास्तरांना कारखान्याबाहेरही दुसऱ्या नावाने कोणी हाक मारीत नसे. शाळांचे, दवाखान्यांचे, पहारेकऱ्यांचे गणवेश त्यांच्या हाताखालून जात. एकावर एक अंथरलेल्या थरांतून यंत्र फिरलं की चूक एका शर्टाची राहत नाही, अख्ख्या थप्पीची होते. म्हणून कापण्याआधी दोनदा मोजायचं आणि कडेला माया, म्हणजे थोडं जास्तीचं कापड, सोडायची. लहान मुलांच्या गणवेशांना मास्तर जरा सढळ हाताने माया सोडत. मालक कुरकुरला की म्हणत, "अंग काय आपल्याला विचारून बदलतं, साहेब?"

असा माणूस गाडी घ्यायला निघाल्यावर टेप खिशात असणारच.

गाडी काही हौसेची नव्हती. बायकोच्या पायांतली ताकद हळूहळू ओसरत चालली होती. तिला आठवड्यातून तीनदा, सकाळी, शहराच्या दुसऱ्या टोकाला व्यायामोपचाराच्या केंद्रात न्यावं लागे. बसच्या पायऱ्या तिला झेपेनात, आणि टॅक्सी पगाराचा लचका तोडू लागली. मास्तरांनी बरेच दिवस मनाशी जमाखर्च मांडला आणि ठरवलं की सगळ्यात लहान आणि सगळ्यात कमी पेट्रोल पिणारी गाडी घ्यायची. कारखान्याची मोटार त्यांनी तरुणपणी चालवली होती, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

"तूही चल बघायला," ते बायकोला म्हणाले.

"मला काय कळतंय त्यातलं? वन्संना न्या," ती म्हणाली.

वन्सं म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, ताई. खालच्या मजल्यावर एकटी राहायची. जीभ तिखट, पण अडल्यानडल्याला पहिली हजर.

शोरूममध्ये मास्तरांनी टेप काढली. दार किती उघडतं ते मोजलं, सीट जमिनीपासून किती उंच ते मोजलं, मग आत बसून गुडघ्यापुढची जागा मोजली. विक्रेता तरुण होता, हसतमुख होता.

"काका, गाडीला कोट शिवायचाय का?"

"शिवला असता," ताई म्हणाली, "पण अंगावर मांसच नाही हिच्या. ही गाडी आहे की चपलेचा खोका?"

"शहरात हीच बरी, मावशी. पाखरासारखी खाते. कुठेही मावते." विक्रेत्याने डिकी उघडली. "आणि दोन बॅगा आरामात."

मास्तर डिकीपाशी गेले. हातातली टेप थोडी बाहेर आली, थांबली आणि सर्रकन आत गेली.

"अरे, याचं माप राहिलं," ताई म्हणाली.

"डिकीत काय ठेवायचंय? कुठे लागतात सह्या, ते सांगा."

ताईने भावाकडे पाहिलं. एरवी तिने तिथेच त्याची बिनपाण्याने केली असती. त्या दिवशी गप्प बसली.

कारण डिकीत काय ठेवावं लागेल ते दोघांनाही ठाऊक होतं. मास्तरांच्या बेडरूममध्ये दारामागे चाकांची एक घडीची खुर्ची उभी होती. परगावी राहणाऱ्या त्यांच्या मुलीने ती न विचारता पाठवून दिली होती. ज्या दिवशी खुर्ची आली त्या दिवशी मास्तरांच्या बायकोने तिच्यावर एक जुनी चादर टाकली, आणि घरात तिचं नाव काढायचं नाही, असा न सांगता नियम झाला. झाडताना तेवढी जागा सोडून झाडायचं. मुलीने फोनवर विचारलं, तर "आहे, आहे" म्हणून विषय बदलायचा. बायको भिंतीला हात लावत चाले. बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीवर खांद्याच्या खाली हाताचा एक मळकट पट्टा उमटला होता. मास्तरांनी एका सुट्टीच्या दिवशी त्यावर रंग मारला. पट्टा पुन्हा उमटला, आधीपेक्षा रुंद. मास्तर पुन्हा रंगाचा डबा घेऊन आले. खुर्ची मोजणं म्हणजे ती लागणार हे कबूल करणं. त्यापेक्षा भिंत रंगवणं सोपं होतं.

गाडी आली. बायकोने खिडकीतूनच पाहिली. "रंग छान आहे," म्हणाली.

पहिल्या दिवशी ताईला ताप होता, म्हणून ती आली नाही. दोघंच निघाली. रस्ताभर मास्तर खुशीत होते. सिग्नलला मोठमोठ्या गाड्यांच्या फटीतून आपली गाडी सुईसारखी निघते, हे त्यांनी बायकोला दोनदा दाखवलं. केंद्राच्या दारापाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की इतकी मापं घेऊन एक साधी गोष्ट सुटली. टॅक्सीवाला दाराशी सोडून निघून जायचा आणि मास्तर बायकोला धरून आत न्यायचे. आता टॅक्सीवालाही तेच आणि धरणारेही तेच. मागे हॉर्न वाजू लागले.

"उतरवा मला," बायको म्हणाली. "या खांबाला धरून उभी राहते. लावून या तुम्ही."

"राहशील ना?"

"न राहायला काय झालं? मी काय लहान आहे?"

गाडी लावायची जागा इमारतीच्या मागे होती, आणि लहान गाडीला म्हणून कोणी वेगळी जागा ठेवलेली नव्हती. मास्तर दोन रांगा फिरले. परत येताना ते चालत नव्हते, पळत होते. बायको खांबाशी उभी नव्हती. खांबाला टेकून फरशीवर बसली होती, एक चप्पल दूर पडली होती, आणि दारवान तिच्यापुढे पाण्याचा पेला धरून वाकला होता. येणारे-जाणारे वळून बघत होते.

"पडले नाही मी," मास्तर काही बोलायच्या आधीच ती म्हणाली. "बसले."

त्यांनी चप्पल उचलून तिच्या पायात घातली. ज्या हाताने थप्पीत सूतभर फरक पडू दिला नव्हता, त्याला बक्कल लागेना.

व्यायाम घेणारी बाई त्या दिवशी स्पष्टच बोलली. "खुर्ची आणायची. इथे येण्यातच ताकद संपली तर व्यायाम कशाने करणार? आणि पुन्हा पडलात तर येणंच बंद होईल."

घरी आल्यावर बायको भिंतीला धरून बेडरूममध्ये गेली, आणि तिनेच चादर ओढली.

"न्या खाली. बसते का बघा गाडीत."

मास्तर खुर्ची घेऊन लिफ्टने खाली गेले. आवाज ऐकून ताई अंगावर शाल घेऊन दारात आली. त्यांनी घडी घालून खुर्ची डिकीत आडवी घातली, उभी घातली, तिरकी घातली. प्रत्येक वेळी चाक बाहेर राही. फार नाही, चार बोटं.

"मोजलं असतंस तर," ताई म्हणाली. मग तिलाच वाईट वाटलं. "मीच बोलायला हवं होतं तिथे. जिभेला हाड नाही म्हणतात माझ्या, आणि नेमकी तेव्हा बसली दातखीळ."

"बदलून घेतील?"

"आता ती वापरलेली गाडी झाली. पडत्या भावात घेतील, आणि मोठीचा हप्ता तुझ्या पगारात बसणार आहे का? मागची सीट पाड."

सीट पाडली, खुर्ची बसली. गाडीत दोन माणसं आणि एक खुर्ची एवढीच जागा उरली.

"म्हणजे तुला जागा नाही, ताई."

"मी बसने येईन. पाय आहेत अजून," ताई म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर वरच्या खिडकीकडे बघून चपापली. खिडकीत भावजय उभी होती.

मास्तर वर गेले.

"बसली," ते म्हणाले. मग म्हणाले, "ही लागणार, हे मला दुकानातच ठाऊक होतं."

"मलाही. म्हणूनच नाही आले. आले असते तर तुम्हाला मोजावं लागलं असतं." तिने नव्या रंगाच्या भिंतीकडे पाहिलं. "आणि ते रंगवणं बंद करा. नुसता वास येतो."

पुढच्या खेपेला ताई आधीच बसने गेली. निघताना मागे खुर्ची प्रत्येक खड्ड्यात खडखडू लागली. बायको दोन-तीन खड्डे सहन करीत राहिली.

"थांबवा," ती म्हणाली. तिने पायाशी ठेवलेल्या पिशवीतून ती जुनी चादर काढली. "हे खोचा चाकांत."

मास्तरांनी गाडी कडेला घेतली आणि चादर खोचली. आवाज थांबला.

केंद्राच्या दाराशी ताई खांबापाशी उभी होती. मास्तरांनी खुर्ची काढली, उघडली, ब्रेक लावला. बायकोने गाडीचं दार धरलं, खुर्चीकडे पाहिलं, मग येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहिलं. मागे हॉर्न वाजला. मास्तर खुर्चीच्या दोन्ही मुठी घट्ट धरून उभे होते. बसेल की नाही, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

तिने दारावरचा हात काढला.

"हलू देऊ नका," ती म्हणाली, आणि मागे न बघता बसली.

मागे पुन्हा हॉर्न वाजला. गाडी हलवायला हवी होती. मास्तरांनी एक मूठ सोडली, ताईने ती धरली, मग दुसरी. गाडी मागच्या बाजूला नेताना त्यांना आरशात चाकांची खुर्ची दिसत होती, दारातून आत जाईपर्यंत.