साखळी नसलेला पेला

आई गेल्यावर माझे वडील, आमचे आण्णा, माझ्याकडे जुळे सोलापुरात राहायला आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी सोसायटीच्या कोपऱ्यावर, कडुलिंबाखाली, पाणपोई घातली. दोन रांजण, त्यांच्याभोवती ओलं गोणपाट, पाण्यात वाळ्याची जुडी, वर लाकडी झाकणं आणि एक स्टीलचा पेला. शेजारच्या एकांनी सुचवलं, पेला साखळीने बांधा, नाहीतर कुणीतरी नेईल. आण्णा त्यांच्याकडे बघतच राहिले. "पानी द्यायचं आन् पेला बांधून ठिवायचा व्हय? पिनाऱ्याला काय वाटंल?" पेला अधूनमधून जायचाच. आण्णा नेणाऱ्याला तोंडभरून शिव्या द्यायचे आणि नवा पेला आणायचे, पण साखळी त्यांनी कधी आणली नाही.

दारात आलेल्याला आधी पाणी, मग नाव-गाव, ही आईची शिस्त होती. वैराग गावाकडची ही रीत तिने सोलापुरात गिरणीच्या चाळीतही सोडली नव्हती. तिच्याशिवाय आण्णांना घरात करमत नव्हतं, म्हणून ते ती रीत घेऊन रस्त्यावर जाऊन बसले, असं मला वाटतं. सकाळचं पहिलं पाणी ठरलेलं असायचं, आमचा रस्ता झाडणाऱ्या बाईचं. खराटा झाडाला टेकवून ती म्हणायची, "मामा, द्या की वाईच." पेला उंच धरून गटागटा प्यायची. मग दोघं तिच्या लेकाबद्दल बोलायचे. तो विशीतला, मार्केट यार्डात पोती उचलायचा आणि आईबरोबर पलीकडच्या वस्तीत राहायचा. संध्याकाळी कामावरून परतताना तोही कोपऱ्यावर पाणी पिऊन घटकाभर टेकायचा.

गेल्या चैत्रात एका सकाळी दोन्ही रांजण फुटलेले दिसले. कडुलिंबाखाली नुसता चिखल, खापऱ्या, आणि पेला चेपून गटारात टाकलेला. "कुनाच्या तरी पायात घुसंल," म्हणत आण्णा खाली बसून खापऱ्या गोळा करायला लागले. मला मात्र रडूच आलं. कुणी आईच्या अंगावर हात टाकावा, तसं झालं मला.

सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तोवर पेटला होता. एरवी पार्किंगवरून भांडणारी माणसं त्या दिवशी एकमुखाने बोलत होती. हे वस्तीतल्या पोरांचंच काम. माजलेत. हातपाय मोडल्याशिवाय सुधारणार नाहीत. कुणीतरी लिहिलं, तो एक संध्याकाळी कोपऱ्यावर बसलेला असतो, त्याला धरा. नुसतं लिहून थांबले नाहीत. कामावर निघालेल्या त्या बाईच्या लेकाला आमच्याच इमारतीतल्या चार शहाण्यासुरत्या माणसांनी धरलं, सोसायटीच्या ऑफिसात कोंडलं आणि कबूल कर म्हणून थोबाडीत मारल्या. बाई दारात हात जोडून उभी होती. आण्णा धावत गेले, "त्यानं न्हाय केलं, सोडा त्येला," म्हणून ओरडले. लोक म्हणाले, आण्णा, तुम्ही भोळे आहात. पोराला सोडलं ते दुपार उलटल्यावर.

दोन दिवसांत खरं काय ते बाहेर आलं. ते कुणी शोधून काढलं नव्हतं. करणाऱ्यांनीच रील टाकली होती. बॅट घेतलेला एक मुलगा रांजणाला सिक्सर मारतोय, मागे गाडीचे दिवे, दुसरा कॉमेंट्री करतोय, आणि दोघंही हसून लोळतायत. एक आमच्याच सोसायटीतल्या डॉक्टरांचा, दुसरा पलीकडच्या बंगल्यातल्या बिल्डरचा.

ग्रुपची भाषा एका रात्रीत बदलली. पोरांची 'मुलं' झाली. मुलं आहेत हो. वयच असं असतं. बारावीचं वर्ष आहे, मुलं प्रेशरखाली असतात. ती रील पुढे पाठवू नका, कुणाच्या करिअरचा प्रश्न आहे. हातपाय मोडायला निघालेल्या गृहस्थांनी नुसते जोडलेले हात टाकले. मी एवढंच लिहिलं की ज्याला मारलं त्याची माफी कोण मागणार? त्याच्याखाली पुढचा मेसेज आला तो कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा.

संध्याकाळी दोन्ही मुलांना घेऊन त्यांचे वडील घरी आले. आण्णांनी सवयीने आधी पाणी आणलं. डॉक्टरांनी हात लावला नाही. "आम्ही बाहेरचं पाणी घेत नाही, प्लीज गैरसमज नको." त्यांचा मुलगा सोफ्याच्या कडेला मान खाली घालून बसला होता. त्याला तहान लागली असावी. त्याने पेल्याकडे बघितलं, मग वडिलांकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

बिल्डर म्हणाले, "बाबा, तुमचं नुकसान आम्ही दुपटीने भरून देऊ."

"माझं काय नुकसान झालं? मातीच हुती ती," आण्णा म्हणाले. "त्या पोराच्या घरी जावा. तुमची पोरंबी जाऊ द्यात आन् ज्यांनी मारलं तीबी जाऊ द्यात. त्येच्या आईम्होरं माफी मागा. मला दुसरं कायबी नगं."

"बघू, नक्की बघू," असं म्हणत सगळे उठले.

बघितलं ते असं. आपल्याकडे एखाद्यावर अन्याय झाला आणि तो निस्तरायचा नसला, की त्याचा सत्कार करतात. आठवड्याभरात कोपऱ्यावर मांडव पडला. दोन्ही घरांकडून स्टीलचा भलामोठा वॉटर कूलर आला, त्यावर दोन्ही घरांची नावं, आणि साखळीने बांधलेला पेला. त्या बाईला आणि तिच्या मुलाला बोलावलंय, असं सांगितल्यामुळेच आण्णा तयार झाले. इस्त्रीचा नेहरू शर्ट घालून ते पहिल्या खुर्चीवर बसले आणि सारखे मागे वळून बघत राहिले. ती दोघं आली नव्हती. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं, हे मला मागाहून कळलं.

त्या दोन मुलांच्या हातून आण्णांना शाल-श्रीफळ देण्यात आलं. मुलं पाया पडली, फोटो निघाले. मग माईक आण्णांच्या हातात आला.

"मला शाल कशापायी?" ते म्हणाले. "मला कुनी मारलं न्हाय. ज्येला मारलं त्यो हितं दिसत न्हाय. त्येला बोलवा, त्येच्या आईला बोलवा, आन् समद्यांदेखत माफी मागा. मग घालतो मी शाल."

सूत्रसंचालकाने हळूच माईक काढून घेतला. "आण्णा भावुक झालेत. किती मोठं मन! जोरदार टाळ्या होऊ द्या!" आणि टाळ्या झाल्या. थोबाडीत मारणारेही मनापासून वाजवत होते. आण्णा त्या टाळ्यांमध्ये असे उभे होते, जणू आपण बोललो की नाही हेच त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवा रांजण आणला आणि कूलरच्या बाजूला ठेवून भरला. मी गॅलरीतून बघत होते. बाई रस्ता झाडत झाडत आली. घामाने तिचा पदर ओला झाला होता. आण्णांनी पेला भरून पुढे केला.

ती थांबली, पण खराटा काही खाली ठेवला नाही. काहीतरी बोलली, मान हलवली आणि झाडत पुढे गेली.

आण्णा घरी आले. भरलेला पेला तसाच हातात होता.

"तान न्हाय म्हनली," ते म्हणाले. "पोरी, ह्या उनात. तान न्हाय म्हनली."