माघ वद्य नवमी, सकाळी सात

मी काय काम करतो हे आमच्या घरात आजवर कोणाला नीट सांगता आलेलं नाही. वेबसाइटचं काम म्हटलं की लोक साइट उघडतात, रंग बघतात, फोटो बघतात आणि छान आहे म्हणतात. त्यातलं काहीच मी केलेलं नसतं. मी सांभाळतो ते त्यामागचं ॲडमिन पॅनल. लेख जिथे लिहायचा, तपासायचा, तो कधी प्रसिद्ध व्हायचा हे ठरवायचं, ती आतली खोली. लग्नात आचाऱ्याची जेवढी आठवण काढतात तेवढीच माझी काढतात, म्हणजे मीठ कमी पडलं तरच.

कंपनी इंदूरला आहे, मी देवासला घरी बसून काम करतो. आमच्या पॅनलवर बऱ्याच साइट चालतात. सरदारपूरचं एक बातम्यांचं पोर्टल आहे, त्याचे मालक भल्या सकाळी फोन करतात, "भिया, वो नीला वाला बटन किधर गया?" बटण जागच्या जागी असतं, मी फक्त त्याचा रंग बदललेला असतो. हल्ली मी रंग बदलायच्या भानगडीत पडत नाही.

याच पॅनलवर माळव्यातल्या मराठी घरांचं एक मासिकही आहे. पूर्वी ते छापलं जायचं, आता फक्त साइटवर येतं आणि नवा लेख आला की सगळ्या वाचकांना आपोआप ईमेल जाते. ते धारचे एक काका चालवायचे. माझे सख्खे काका नव्हेत, वडिलांचे स्नेही. जन्मभर धार जिल्ह्यात मास्तरकी केलेले. त्यांचा एक नियम होता. लिहिणाऱ्याने स्वतःचं लिखाण स्वतः प्रसिद्ध करायचं नाही. दुसऱ्या कोणीतरी ते वाचून 'पाहिलं' म्हणायचं, मगच ते बाहेर जायचं. त्यासाठी त्यांनी मला 'पाहिलं' नावाचं बटणच करायला लावलं. इतर कुठल्याही साइटला नसलेलं हे बटण पॅनलची नवी आवृत्ती आली की हटकून बिघडायचं, आणि मी चडफडत ते दुरुस्त करायचो.

सगळ्यांचं लिखाण काका पाहायचे, काकूंचंसुद्धा. काकांचं स्वतःचं मासिकाच्या संपादक मंडळातलं कोणीतरी पाहायचं. ते काम काकूंकडे त्यांनी कधी दिलं नाही आणि काकूंनीही कधी मागितलं नाही.

मग काका गेले, अचानक, महाशिवरात्रीच्या आधीच्या आठवड्यात. मंडळातल्या लोकांनी मासिक बंद झालं असं धरूनच ठेवलं होतं. काकू म्हणाल्या, मी चालवते. त्यांना पॅनल शिकवायला मी धारला गेलो. मांडूच्या रस्त्यावरचं त्यांचं घर, बाहेर सहलीच्या गाड्यांचे भोंगे, आणि आत काकू चष्मा पुसत माझ्या प्रत्येक बटणाची उलटतपासणी घेत होत्या.

"हे 'पाहिलं' काढून टाकू का काकू? तेवढंच एक काम कमी होईल."

"नको रे. ह्यांची शिस्त आहे ती. राहू दे."

"आणि इथे तारीख टाकायची. लेख त्या दिवशी सकाळी सातला आपोआप जाईल."

"तारीख कशाला? मला तिथी पाहिजे. सणाचा लेख सणाला नको का यायला? दर वेळी मी कुठे तारखा शोधत बसू!"

मी हो म्हणालो. त्याच दिवशी मसुद्यांत आम्हाला काकांचा एक अर्धवट लेख सापडला. माझं शिक्षण हिंदी शाळेतलं. मराठी बोलतो घडाघडा, वाचतो मात्र अडखळत, त्यामुळे मला तो वाचायला वेळ लागला. लग्नानंतर काकांची बदली धार जिल्ह्यातल्याच मनावर गावी झाली, तिथल्या पहिल्या घराची ती हकीकत होती. सामान उतरवून टेंपो निघून गेलेला, घराचं कुलूप उघडेना, मालक गावाला गेलेला, दिवस मावळत आलेला आणि अख्खी गल्ली तमाशा बघायला जमलेली. नवी बायको बरोबर, आणि आपल्याला रडू येईल की काय अशी भीती काकांना वाटत होती. 'तेव्हा ही माझ्याकडे बघून म्हणाली,' इथे लेख थांबला होता.

"काय म्हणालात काकू?" मी विचारलं.

काकू हसल्या. "आठवत नाही रे," म्हणाल्या, आणि मग त्यांचं हसू थांबलं. "खरंच आठवत नाही."

त्यांनी ठरवलं, हा लेख काकांच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या तिथीला जाईल. तोवर आठवेल, म्हणाल्या.

देवासला परतून मी तिथीची सोय केली. महिना निवडा, पक्ष निवडा, तिथी निवडा, पॅनल त्याची तारीख काढून देणार. पाडवा टाकून बघितला, अक्षय्य तृतीया, गणेश चतुर्थी, दसरा टाकून बघितला. सगळं चोख निघालं. मी स्वतःवर इतका खूश झालो की इंदूरच्या ऑफिसातही सांगून आलो. काकूंनी लेखासाठी माघ वद्य नवमी निवडली आणि आम्ही दोघंही निर्धास्त झालो.

थंडीचे दिवस होते. दुपारी मी गराडूच्या कंदाच्या तळलेल्या फोडी खात बसलो होतो आणि काकूंचा फोन आला. आवाज अगदी लहान झालेला.

"अरे, उद्या ह्यांची तिथी आहे का? तुझं पॅनल म्हणतंय उद्या सकाळी सात. मी गुरुजींना पुढच्या महिन्याचं सांगितलंय. मुलगी पुण्याहून येणार, तिचंही तिकीट पुढच्या महिन्याचं. माझ्या हातून एवढी मोठी चूक कशी झाली रे?"

"कॅलेंडर बघितलंत का?"

"बघितलं ना. ते पुढचा महिना म्हणतंय. पण ते छापलेलं, माणसांनी केलेलं. मशीन कसं चुकेल?"

काकूंना घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं, मला ते अजिबात बघवेना. पॅनल उघडलं. माघ कृष्ण नवमी, उद्या. फोनमधल्या पंचांगात बघितलं, तिथेही उद्याच. क्षणभर मलाही वाटलं की काकूच चुकल्या. नवरा गेल्याच्या वर्षात माणसाच्या हातून दिवस सुटू शकतो.

"काका शिवरात्रीच्या आधी गेले ना?" मी उगीच, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"हो ना. उपासाचा साबुदाणा आणून ठेवला होता, तो तसाच राहिला."

शिवरात्रीला तर अजून महिन्याहून जास्त अवकाश होता. आणि शाळेत आम्हाला शिकवलेली शिवरात्र फाल्गुनात यायची, तर घरी आईची शिवरात्र माघात. दोन्ही एकाच दिवशी. लहानपणापासून हे ऐकत आलो, पण सण एकच, दिवस एकच, मग महिन्याच्या नावाकडे कोण बघतो? इथल्या हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्या मराठी पंचांगात अमावस्येला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो आणि वद्य पक्षात हिंदी महिन्याचं नाव एक महिना पुढे पळतं. मी पॅनलला हिंदी पंचांग शिकवलं होतं, फोनमधलंही हिंदीच होतं. काकूंनी आपला माघ सांगितला, पॅनलने हिंदी माघ धरला, ज्याचा वद्य पक्ष महिनाभर आधीच येतो. मी तपासून बघितलेले सण सगळे शुद्ध पक्षातले. दिवाळी जरी टाकून बघितली असती तरी तेव्हाच उजेड पडला असता.

आणि मग मला उद्याची सकाळ आठवली. उद्या सातला तो लेख तुटक्या वाक्यासकट घरोघरी गेला असता. साइटवरून लेख काढता येतो, गेलेली ईमेल परत घेता येत नाही. घाईघाईने मी प्रसिद्ध व्हायच्या लेखांची रांग उघडली. काकांच्या लेखापुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'पाहिलं नाही'. कोणी पाहिलं नव्हतं, म्हणजे उद्या सात वाजून गेले असते तरी लेख जागचा हलला नसता. ज्या बटणाला मी इतकी वर्षं शिव्या दिल्या, त्यानेच लेख धरून ठेवला होता. मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीत मागे रेलून नुसता हसत बसलो.

"अरे, हसतोस काय?" काकू फोनवरच होत्या.

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे मी चुकले नाही?"

"नाही काकू. मी चुकलो."

"मग हरकत नाही!" त्या इतक्या आनंदाने म्हणाल्या की मला पुन्हा हसू आलं. "हिंदी शाळेत घातलं ना तुला, तुझ्या पॅनललाही तिथेच घातलंस!"

संध्याकाळपर्यंत मी पॅनलला मराठी महिने शिकवले. ऑफिसातला मित्र म्हणाला, "भिया, एक महीना आगे-पीछे, क्या फर्क पड़ता है?" त्याला समजावण्यात अर्थ नव्हता.

तो महिना काकू मधूनमधून फोन करत राहिल्या. "'बसा जरा' म्हणाले असेन का रे?" मग दोन दिवसांनी, "छे, एवढ्याशा गोष्टीवर हे लेख लिहितात होय!" एकदा म्हणाल्या, "'परत जाऊ या' म्हणाले असेन." आणि लगेच, "नाही, तसं म्हणाले असते तर ह्यांनी लिहिलंच नसतं."

श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी मी धारला पोहोचलो. सकाळी काकू आंघोळ करून संगणकासमोर बसल्या. त्या तुटक्या वाक्यापुढे अजून काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी लेख पहिल्यापासून वाचला. मध्येच म्हणाल्या, "आपल्याकडे स्टोव्ह पितळेचा नव्हता. जाऊ दे, ह्यांना तसा आठवत असेल." मग नवी ओळ घेऊन एका बोटाने सावकाश काहीतरी लिहिलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"वाच."

मी अडखळत वाचलं. 'मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. ह्यांच्या लक्षात होतं, म्हणून मी कधी लक्षात ठेवलं नाही.'

"चालेल?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"सुटले बाई," म्हणत त्यांनी 'पाहिलं' दाबलं. लेखाखाली लेखक म्हणून काकांचं नाव उमटलं आणि त्याखाली, पाहणाऱ्याच्या जागी, काकूंचं. काकू ती दोन नावं बराच वेळ बघत बसल्या.

सातला माझा फोन वाजला, मग काकूंचा, मग आतल्या खोलीत त्यांच्या मुलीचा. थोड्या वेळाने ती फोन हातात घेऊनच बाहेर आली. डोळे पुसत म्हणाली, "आई, काय म्हणाली होतीस गं?"

"ते तुझ्या बाबांना विचार," काकू म्हणाल्या, आणि गुरुजींसाठी पाट मांडायला उठल्या.